सगळे गोड बोलायला लागले

माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं जे काही आलं, ते औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत आणि आई जिथं भांडी घासायची त्या बंगल्यातली जुनी मराठी-इंग्रजी मासिकं चाळत आलं. त्यामुळे लिहिण्यात इकडचं तिकडं होईल, तेवढं सांभाळून घ्या. मी बोलते तशीच लिहिते.

सांगलीच्या अलीकडे एक मिशनचा दवाखाना होता. लहानसाच. बायकांचा एक वॉर्ड, पुरुषांचा एक, ऑपरेशनची खोली, पुढं लांब व्हरांडा आणि फाटकाजवळ पत्र्याची शेड. पेशंटची माणसं त्या शेडमध्ये चुली मांडायची. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. एकोणिसाव्या वर्षी मी तिथं आया म्हणून लागले. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, भांडी द्यायची-घ्यायची, पाणी पाजायचं. पण मला थोडं इंग्रजी कळतं हे मॅडमना समजलं, आणि माझ्याकडं आणखी एक काम आलं. मॅडमचं ऐकायचं आणि पेशंटना सांगायचं, पेशंटचं ऐकायचं आणि मॅडमना सांगायचं. एवढंच तर काम आहे, असं मला वाटायचं.

मॅडम म्हणजे आमची डॉक्टरीण. थंड मुलखातून आलेली, उंच, हाडकुळी, नाकावर कायम उन्हानं सोललेलं कातडं. आल्या आल्या तिला महाबळेश्वरला मराठी शिकायला ठेवलं होतं. ऐन पावसाळ्यात खोलीत कोंडून घेऊन पुस्तकावरनं शिकली ती. त्यामुळे तिचं मराठी छापल्यासारखं यायचं. पोट धरून आलेल्या शेतकऱ्याला ती विचारायची, "आपणांस कोठे वेदना होत आहेत?" तो बिचारा मागं वळून बघायचा, आपल्या पाठीमागं कोण मोठा माणूस उभा आहे म्हणून. मग माझ्याकडं बघून म्हणायचा, "काय म्हणती ही?"

पाण्याचा ग्लास दिला की ती मला धन्यवाद म्हणायची. दिवसातनं दहा वेळा. मला पहिले काही दिवस लय वाईट वाटायचं. आपल्यात घरच्या माणसाला कुणी धन्यवाद म्हणतं का? मला ते असं ऐकू यायचं की झालं तुझं काम, आता जा.

आणि तिची थट्टा. एकदा एसटी बंद पडली आणि मला यायला दोन तास उशीर झाला. ती व्हरांड्यात उभी. घड्याळाकडं बघितलं आणि एकदम गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, की तू येत नाहीस म्हणून आम्ही दवाखाना कायमचा बंद करायचं ठरवलं होतं, आता तू आलीस, तर नाइलाजानं परत उघडावा लागेल. मी मागच्या खोलीत गेले, माझं लुगडं आणि डबा पिशवीत भरला आणि रडत बसले. नोकरी गेली असंच मी धरून चालले. अर्ध्या तासानं ती शोधत आली. मी पिशवी घेऊन बसलेली बघून तिचा चेहरा असा झाला, की मलाच तिची दया आली. तिनं चेष्टा केली होती. त्यांच्याकडं चेष्टा करताना तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही, हीच रीत. पुढं मी शिकले. मॅडम फार गंभीर झाली की तिच्या डोळ्यांकडं बघायचं.

तेव्हापासून मला वाटायला लागलं, की मला हिच्या लोकांचं कळतं. आपल्या लोकांचं तर कळतंच होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पुरुषांच्या वॉर्डात एक माणूस आला. पंचावन्नच्या पुढचा. गुळव्या होता. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो. तो नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा, हे ज्याला कळतं तो गुळव्या. जरा आधी उतरला तर ढेप बसत नाही, जरा उशीर झाला तर करपते. घड्याळ नाही, माप नाही, नुसत्या बुडबुड्याकडं बघून सांगायचं. हा माणूस चार गावांत नावाजलेला. त्याच्या शब्दाशिवाय काहील उतरत नसे. बायको आधीच गेलेली, मुलगा फौजेत, वर कुठंतरी हद्दीवर. सून घरी, ओली बाळंतीण. म्हणून त्याच्याजवळ बसायला गुऱ्हाळावरचे तीन सोबती यायचे. पाळीपाळीनं नाही, तिघं एकदम. दुपारची एसटी पकडून यायचे आणि पाचच्या एसटीनं परत जायचे.

त्याच्या पोटात पाणी व्हायचं. सुईनं काढायचे, चार दिवसांत पोट पुन्हा टम्म. मॅडमनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की आतून सगळं संपलंय, फार तर पंधरा दिवस. ती म्हणाली, त्याला सांगायला हवं, तो त्याचा हक्क आहे. मी म्हटलं, आमच्यात असं तोंडावर कुणी सांगत नाही. तिला ते पटलं नाही. पण त्यानं विचारलं तर खोटं बोलणार नाही आणि विचारलं नाही तर आपणहून बोलणार नाही, एवढ्यावर ती आली.

आता ते तिघं कसे बोलायचे ते सांगते. त्यातला एक मिशीवाला होता. त्याचं काम चुलवाणात चिपाडं सारायचं. तीस वर्षं तो खाली जाळाशी आणि हा वर काहिलीशी. वॉर्डाच्या दारातनंच त्याचा आवाज यायचा.

"का रं, गाभण हाईस म्हणं. कवा वितूस?"

"तुझ्या म्हशीच्या आधी," हा खाटेवरनं म्हणायचा.

सगळा वॉर्ड हसायचा. पाय मोडलेला, टाके घातलेला, सगळे. मग ते तिघं खाटेभोवती बसायचे आणि दीड-दोन तास त्याला शिव्या द्यायचे. दुसरा शब्द नाही त्याला. सोंग करतोस, कामाच्या वेळेला खाट धरलीस, फुकटचं दूध पितोस. आणि तो गादीवर उशी टेकून बसायचा आणि एकेकाला परत द्यायचा. पाच वाजता ते गेले की तो अर्धी भाकरी खायचा. एरवी खायचा नाही.

मी एकदा त्याला विचारलं, हे असलं का बोलता तुम्ही. तर त्यानंच मला सांगितलं. काहिलीजवळ गोड बोलायचं नसतं. उकळत्या रसापाशी उभ्या असलेल्या माणसाला "जप रं" म्हटलं की त्याचा पाय घसरतोच. त्याच्या डोळ्यांदेखत एक जण असा गेला होता. कुणीतरी मायेनं म्हटलं, दादा जपून हां, आणि तो त्या आवाजाकडं बघायला वळला. तेव्हापासून त्यांच्या गुऱ्हाळावर कुणी मऊ शब्द काढला की त्याला काहिलीपासनं लांब पाठवायचे. दिवसभर एकमेकांचा उद्धार चालायचा. शिवी ऐकू येते तोवर माणूस पायावर उभा आहे, असा त्याचा हिशेब. म्हणजे मला हे माहीत होतं. नीट माहीत होतं. हे मी आधीच सांगून ठेवते.

आता माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल.

आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला त्याला सात-आठ वर्षं झाली होती. घरातले देव नदीत सोडले, मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं, कुणाच्या दारात भाकरी मागायला जायचं बंद केलं. त्यापायी वडिलांनी मारही खाल्ला, गावानं विहिरीपासनं पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं आम्हाला काही महिने बंद केलं. पण वडिलांनी आणखी एक बंद केलं होतं, ते मी दुसऱ्या कुणाच्या घरी ऐकलं नाही. ते म्हणाले, त्यांच्या इनोदाला हसायचं न्हाई.

माझा आजा हसायचा. त्याला हसावंच लागायचं. पारावर बसलेल्या कुणी त्याच्या जातीवरनं, उष्ट्या भाकरीवरनं काही म्हटलं, की आज्यानं दात दाखवून हसायचं, वर "व्हय मालक" म्हणायचं. न हसणं हा उद्धटपणा. लाकडं फोडणं ही जशी वेठ, तशी हसणं ही आमची वेठ. ढोर ओढायचं सोडणं त्या मानानं सोपं गेलं, असं वडील म्हणायचे. तोंडाची सवय लवकर जात नाही. माझी आई बाजारात कुणी काही बोललं की पदर तोंडाला लावायची, म्हणजे हसू आलंच तर दिसू नये. ते हसू आनंदाचं नसायचं. भीतीनंच तोंड तसं व्हायचं.

तर त्या दिवशी. ते तिघं दुपारी आले. मी गुळव्याला पाणी पाजत होते. मिशीवाल्यानं मला विचारलं, कुठल्या गावची गं पोरी. मी सांगितलं. कुणाची, ते त्यानं विचारलं नाही, गावावरनं आणि माझ्या गळ्यात देवाचा दोरा-ताईत काही नव्हता त्यावरनं त्यानं ओळखलं. आणि हसत, अगदी मोकळ्या तोंडानं, गुळव्याकडं बघून म्हणाला,

"देव बदलला म्हणं ह्यांनी. मग आता माझी म्हस मेली तर कुणी वढायची? ह्या मडमेनं?"

तिघं हसले. आणि गुळव्याही हसला. त्याचं पाण्यानं भरलेलं पोट गदगदा हललं, ग्लासातलं पाणी त्याच्या हनुवटीवर सांडलं, ते मी फडक्यानं पुसलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. हे मी आजच म्हणते असं नाही, तेव्हाही मला कळत होतं. मला त्यांनी त्यांच्या थट्टेत घेतलं होतं, जशी ते एकमेकांची करत तशी. पण त्यांना उलट उत्तर देता येतं. मी काय देणार होते? मी हसले नाही. ग्लास उचलला आणि मोरीकडं गेले. मोरीत उभी राहून तो ग्लास मी राखेनं घासत राहिले, घासायचं काही कारण नसताना.

परत आले तेव्हा त्यांचं रंगात आलं होतं. मिशीवाला म्हणत होता,

"मरायचं आसंल तर आत्ताच मर बाबा. दिवाळी झाली की काहील चढणार, मग कुणाला सवड हाय तुला न्यायला? तेराव्याला लाडू करू. तुला मोजून दोन ठेवतो."

"मी मेलो तर तुमचा गूळ काळा पडंल," गुळव्या म्हणाला.

"पडू दे की. तुझ्या तोंडापरास काळा हुतो काय?"

वॉर्ड हसला. आणि तेवढ्यात मॅडम दारात येऊन उभी राहिली. तिला "मर" एवढं कळलं होतं. "तेरावा" पण कळला असेल, महाबळेश्वरच्या पुस्तकात चालीरीतींचा एक धडा होता. ती माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, हे काय म्हणतायत? नेमकं सांग.

मी नेमकं सांगितलं. ते त्याला म्हणतायत, आत्ताच मर. नंतर आम्हाला तुझं प्रेत न्यायला वेळ नाही. तुझ्या तेराव्याला आम्ही लाडू खाणार आहोत.

ती म्हणाली, आणि ते हसतायत?

मी म्हटलं, हो, हसतायत.

एकही शब्द मी खोटा सांगितला नाही. फक्त तिथं थांबले. काहिलीचं सांगितलं नाही. या माणसाशिवाय त्यांचं गुऱ्हाळ सुरू होत नाही, म्हणून ते असं बोलतायत, हे सांगितलं नाही. सांगायला दोन वाक्यं पुरली असती, आणि तेवढं इंग्रजी मला येत होतं. मॅडमच्या डोळ्यांकडं मी बघितलं. तिथं काहीच नव्हतं, ती खरोखर गंभीर होती. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

ती त्या तिघांसमोर गेली आणि तिच्या छापील मराठीत म्हणाली, "आपण येथून निघावे. हा मनुष्य आजारी आहे. आपणांस लाज वाटावी."

ते तिघं उठले. त्यांना वाटलं, आवाज मोठा झाला म्हणून बाई रागावली. मिशीवाल्यानं टोपी काढून हातात घेतली, चुकलं म्हणाला. दुसऱ्या दिवशी ते परत आले तर फाटकावरच्या राखणदारानं आत सोडलं नाही. मॅडमचा हुकूम होता. तिसऱ्या दिवशीही आले. शेडमध्ये पाच वाजेपर्यंत बसून राहिले आणि गेले. मी व्हरांड्यातनं बघत होते.

आणि वॉर्डात सगळे गोड बोलायला लागले.

मॅडमनं त्याच्या खाटेशेजारी खुर्ची मागवली. सकाळ-संध्याकाळ येऊन बसायची, त्याचा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "आपण शांत असा." तिला वाटायचं, या माणसाला मायेचा शब्द मिळालाच नाही, तो आपण द्यावा. ती मनापासनं करत होती. कंपाउंडर हळू आवाजात बोलायला लागला. शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला, जो आधी सगळ्यात मोठ्यानं हसायचा, तोही मॅडमच्या धाकानं म्हणाला, "दादा, आराम करा."

गुळव्या पहिला दिवस दाराकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी विचारलं, मंडळी आली न्हाईत व्हय? मी म्हटलं, एसटी चुकली असेल. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरी परत केली. चौथ्या दिवशी मी पाणी पाजायला गेले, तर त्यानं ग्लास धरला नाही. माझ्याकडं बघून म्हणाला,

"पोरी, मला सगळी गोड का बोलाय लागली?"

मी म्हटलं, "तुम्ही बरे व्हाल काका. काळजी करू नका."

त्यानं माझ्या हातातला ग्लास बाजूला सारला.

"तू बी," म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड केलं.

मॅडमनं त्याला कधीच काही सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलंही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला सांगून टाकलं होतं. तो काहिलीशी उभा होता आणि आम्ही चहूबाजूंनी त्याला जप, जप म्हणत होतो. त्यानंतर तो जेवला नाही. विचारलं तर "नको" एवढंच. तोही गोडच बोलायला लागला होता. मॅडमला वाटलं, मन शांत झालं.

रविवारी मला सुट्टी असायची. घरी गेले. वडील अंगणात दोर वळत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हशीची थट्टा आधी सांगितली, मग बाकीचं. मला वाटलं, वडील म्हणतील, बरं केलंस. निदान गप्प बसतील. त्यांनी दोर खाली ठेवला.

"तू हसली न्हाईस, ते बरं केलंस," म्हणाले. "मी हसू नकं म्हणलं हुतं. मरणाऱ्या माणसाजवळनं त्याची माणसं तोड, असं न्हवतं म्हणलं."

मी म्हटलं, त्यांनी आपली माणसं कितीदा तोडली. तर म्हणाले, "व्हय. म्हणूनच तुला कळाय पायजे हुतं." आणि पुन्हा दोर वळायला लागले. माझ्याकडं बघितलं नाही. मी जेवले नाही, दुपारच्याच एसटीनं परत आले.

मॅडम तिच्या खोलीत कागद लिहीत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, की मी सांगितलं ते शब्द खरे होते, पण मी सगळं सांगितलं नव्हतं. काहिलीचं सांगितलं. शिव्यांचं सांगितलं. पाच वाजता ते गेल्यावर तो भाकरी खायचा, ते सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, तू हे तेव्हा का सांगितलं नाहीस? मी म्हटलं, शब्द सुचले नाहीत. म्हशीचं तिला सांगितलं नाही. तिला आमच्यातलं ते सगळं समजावून सांगायचं म्हणजे आज्यापासनं सांगावं लागलं असतं. आणि खरं म्हणजे मला माझी लाज झाकायची होती.

ती खिडकीकडं बघत म्हणाली, तिचे वडील गेले तेव्हा घरात आठवडाभर सगळे बोटांवर चालत होते. घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू यायची. ती लहान होती, तिला एकदा हसू फुटलं, तर मावशीनं दंडाला धरून बाहेर काढलं. तिला वाटायचं, मरणाजवळ असंच वागतात, जगभर. मग ती उठली आणि राखणदाराला सांगायला स्वतः फाटकापर्यंत चालत गेली, की उद्या ते तिघं आले तर सोड.

दुसऱ्या दिवशी ते आले. मी व्हरांड्यात वाट बघत होते, कधी तो आवाज येतो म्हणून. आवाज आला नाही. तिघांनी धुतलेली धोतरं नेसली होती. मिशीवाल्यानं दाढी केली होती. वॉर्डाच्या दारात तिघांनी वहाणा काढल्या, आधी कधी काढल्या नव्हत्या. एवढ्या शिकलेल्या बाईनं लाज काढली, म्हणजे आपलं काहीतरी मोठंच चुकलं असणार, हे त्यांनी चार-पाच दिवस मनात घोळवलं होतं. आता दवाखान्यात कसं वागावं ते ठरवून आले होते. मी दारातच मिशीवाल्याला म्हटलं, बोला की तुम्ही नेहमीसारखं, मॅडम काही म्हणणार नाही. तो म्हणाला, "न्हाई बाई. आता न्हाई बोलत तसं."

ते खाटेजवळ उभे राहिले. बसले नाहीत.

"दादा, कसं वाटतंय?" मिशीवाला म्हणाला.

तीस वर्षांत त्यानं त्याला दादा म्हटलं नसेल. गुळव्यानं डोळे उघडले. तिघांकडं एकेक करून बघितलं, धुतलेल्या धोतरांकडं बघितलं. त्याच्या ओठाचा कोपरा जरा हलला. त्यानं वाट बघितली. मला ती वाट दिसत होती. मला वाटतं मिशीवाल्यालाही दिसली, कारण त्यानं तोंड उघडलं, "आरं..." म्हणाला. पण लगेच टोपी तोंडाला लावली. दुसरा म्हणाला, देवावर भरवसा ठेव. तिसरा नुसता पाय चेपायला लागला.

माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, अस्सल, त्यांच्याच तोडीचं. एकोणीस वर्षांच्या पोरीनं, तेही आमच्या वस्तीतल्या, ते त्या खाटेपाशी मोठ्यानं म्हटलं असतं, तर काय झालं असतं मला माहीत नाही. मी म्हटलं नाही. मी चमच्यानं त्याला पाणी पाजलं, दोन चमचे गेले, तिसरा बाहेर आला. मॅडम पायथ्याशी हात जोडून उभी होती. वॉर्डात तसंच शांत होतं, जसं तिचे वडील गेले तेव्हा तिच्या घरात असेल. चारच्या सुमाराला तो गेला.

मुलाला तार केली होती. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं.

प्रेत न्यायला त्यांनी गावातनं बैलगाडी आणली. गाडी जुंपेपर्यंत मिशीवाला व्हरांड्यात माझ्याजवळ आला. टोपी काखेत होती. म्हणाला,

"बाई, एक इचारू का? त्या दिशी तुमी मडमेला काय सांगितलंत आमचं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं, की आपलं चुकलं ते काय चुकलं. गाडीवाला बैलांना चुचकारत होता. सांगायला वेळ होता.

"मला तेवढं विंग्रजी येत न्हाई," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. "व्हय. तुमी तरी काय करणार. आमचीच त्वांडं वाईट." मग त्यानं गाडीकडं बघितलं. "शेवटलं पाणी तुमच्या हातचं प्याला त्यो," म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात जोडले आणि माझ्यापुढं वाकला.

त्यांच्यातल्या कुणी आमच्यातल्या कुणापुढं असं वाकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आपण कुणापुढं वाकायचं नाही, एवढ्यासाठी माझ्या वडिलांनी मार खाल्ला होता. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि तो नमस्कार घेतला.